पाइप एक, तुकडे अनेक: रिफायनरीतला गंज नेमका कुठे मोजायचा?

रिफायनरीतल्या पाइपची जाडी मोजणं हे काम ऐकायला अगदी साधं वाटतं. पाइपवर थोडी जेल लावायची, अल्ट्रासोनिक प्रोब टेकवायचा, पडद्यावर आकडा येतो, तो लिहून घ्यायचा. चार-पाच वर्षांनी पुन्हा तिथेच जाऊन मोजायचं. जाडी जितकी कमी झाली तिला मधल्या वर्षांनी भागलं, की गंजण्याचा वेग मिळाला. पीएचडीच्या सुरुवातीला मला खरंच प्रश्न पडला होता, की यात संशोधन करण्यासारखं शिल्लक काय आहे? फार तर मोजण्याचं यंत्र आणखी अचूक करायचं.

मग माझ्या वाचनात रिचमंडचं प्रकरण आलं.

६ ऑगस्ट २०१२ रोजी कॅलिफोर्नियात रिचमंड इथल्या शेवरॉनच्या रिफायनरीत आठ इंची पाइपचा एक तुकडा फाटला आणि मोठी आग लागली. हा पाइप दुर्लक्षित होता का? तर नाही. त्या मार्गावर वर्षानुवर्षं जाडी मोजली जात होती, नोंदी होत्या, इन्स्पेक्शनचा कार्यक्रम होता. तरीही जो तुकडा फाटला त्याची सुमारे ९० टक्के जाडी संपलेली होती. मोजणारे मोजत होते, आकडे बरोबर येत होते आणि पाइप आतून संपत होता. हे एकाच वेळी कसं शक्य आहे, ते या लेखात पाहू. संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहितेय, कारण हीच चूक मी प्रयोगशाळेत छोट्या प्रमाणावर केली आहे. तिच्याकडे शेवटी येते.

गंज एक नसतो

आपण 'गंज' म्हटलं की डोळ्यांसमोर पाणी, हवा आणि लालसर भुकटी येते. रिफायनरीत हा त्यातला फक्त एक प्रकार आहे, आणि तोही बहुधा इन्सुलेशनच्या खाली लपलेला. पत्र्याच्या आवरणातून पाणी झिरपतं, इन्सुलेशन ओलं राहतं आणि पाइप बाहेरून खाल्ला जातो. समुद्रकाठी, चार महिने पाऊस झेलणाऱ्या आपल्या कोकणपट्टीत हा प्रकार वेगळ्याच काळजीचा आहे, पण तो आज बाजूला ठेवू.

आतून होणाऱ्या गंजाचे दोन मोठे गट समजून घ्या. पहिला गट पाण्याचा. क्रूडसोबत थोडं खारं पाणी येतंच. डिसॉल्टरमध्ये बरंचसं मीठ धुतलं जातं, पण उरलेल्या मॅग्नेशियम आणि कॅल्शियम क्लोराइडचं भट्टीच्या उष्णतेत विघटन होऊन हायड्रोजन क्लोराइड वायू तयार होतो. तो कोरडा असेपर्यंत फारसा त्रास देत नाही. डिस्टिलेशन कॉलमच्या माथ्यावरची वाफ थंड होत जाते आणि जिथे पाण्याचा पहिला थेंब जमतो तिथे तो वायू त्या थेंबात विरघळतो. तो थेंब म्हणजे चक्क हायड्रोक्लोरिक आम्ल! म्हणून तिथे अमाइन सोडतात, पाण्याने धुतात, आणि खाली जमणाऱ्या पाण्याचा पीएच, क्लोराइड आणि लोह नियमितपणे तपासतात. पाण्यात लोह वाढलं म्हणजे कुठला तरी पाइप झिजतोय. कुठला, ते मात्र कळत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा.

दुसरा गट उष्णतेचा. साधारण २६० अंश सेल्सियसच्या वर पाण्याची गरजच उरत नाही. तेलातली गंधकाची संयुगं थेट लोखंडाशी अभिक्रिया करतात आणि आयर्न सल्फाइडचा थर तयार होतो. याला सल्फिडेशन म्हणतात. क्रूडमध्ये नॅफ्थेनिक आम्लं असतील तर ती हा थरही विरघळवतात, मग प्रकरण आणखी बिघडतं. सल्फिडेशन आवरण्याचा जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे पोलादात क्रोमियम वाढवणं: ५ टक्के, ९ टक्के.

सल्फिडेशनचा वेग किती, हे सांगायला उद्योगात १९६०च्या दशकापासून मॅकोनोमी वक्र वापरले जातात. आडव्या अक्षावर तापमान, उभ्या अक्षावर वेग आणि प्रत्येक प्रकारच्या पोलादाची एक रेघ. ५ टक्के क्रोमियमची वेगळी, ९ टक्क्यांची वेगळी. आणि साध्या कार्बन स्टीलसाठी? एक रेघ. जणू जगातलं सगळं कार्बन स्टील सारखंच आहे.

आकड्यातली चूक

मोजमापाच्या पद्धती बऱ्याच आहेत. कूपन म्हणजे वजन केलेली धातूची पट्टी प्रवाहात ठेवायची, काही महिन्यांनी काढून साफ करून पुन्हा वजन करायचं. वजनातली घट मिलिग्रॅममध्ये घेऊन तिला ८७.६ने गुणायचं आणि घनता, क्षेत्रफळ व तास यांच्या गुणाकाराने भागायचं, की मिलिमीटर प्रतिवर्ष असा वेग मिळतो. (घनता ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर आणि क्षेत्रफळ चौरस सेंटीमीटर. एककं चुकवून वाया घालवलेल्या माझ्या दुपारी मोजायला नकोत.) विद्युत रोधाचे प्रोब असतात: तार झिजली की तिचा रोध वाढतो. ध्रुवीकरण रोधाची पद्धत प्रयोगशाळेत फार लाडकी आहे, पण तिला विद्युतवाहक द्राव लागतो. गरम तेल वीज वाहून नेत नाही, त्यामुळे तिथे ती निरुपयोगी.

प्रत्यक्ष पाइपवर मात्र अल्ट्रासोनिकचंच राज्य आहे. पोलादात ध्वनी सेकंदाला साधारण ५,९०० मीटर जातो. आठ इंची, शेड्यूल ४० पाइपची मूळ जाडी ८.१८ मिमी. जाऊन-येऊन १६.३६ मिमी, म्हणजे सुमारे २.८ मायक्रोसेकंद. जाडीतला ०.१ मिमीचा फरक म्हणजे वेळेतला फक्त ३४ नॅनोसेकंदांचा फरक. हे मोजता येतं, पण सांभाळून. धातू तापला की ध्वनीचा वेग घटतो, ढोबळ नियम असा की दर ५५ अंशांना एक टक्का. ३४० अंशांच्या पाइपवर ही दुरुस्ती केली नाही तर ८.१८ मिमीचा पाइप जवळपास ०.४५ मिमीने जास्त जाड दिसतो. आधीचं मोजमाप शटडाउनमध्ये थंड पाइपवर आणि नंतरचं चालू युनिटमध्ये गरम पाइपवर घेतलं, तर कागदावर पाइप वर्षागणिक जाड होतो! इन्स्पेक्शनच्या नोंदींत असे 'वाढणारे' पाइप भेटतात. हसू येतं, पण त्याच नोंदीवरून कुणीतरी पुढच्या तपासणीची तारीख ठरवलेली असते.

आता दुरुस्ती नीट केली असं धरू. प्रत्येक मोजमापात ±०.२ मिमी चूक, पाच वर्षांच्या अंतराने दोन मोजमापं. फरकातली चूक ०.२ गुणिले दोनाचं वर्गमूळ, म्हणजे ०.२८ मिमी. पाचने भागल्यावर ०.०५७ मिमी प्रतिवर्ष. खरा वेग ०.१ असेल तर आपल्याला तो ०.०४३ ते ०.१५७ यांत कुठेही दिसू शकतो. आजची जाडी ६ मिमी, किमान लागणारी ३.५ मिमी, तर उरलेलं आयुष्य? मधल्या वेगाने २५ वर्षं, एका टोकाला १६ आणि दुसऱ्या टोकाला ५८. पाइपच्या तपासणीसाठी वापरलं जाणारं एपीआय ५७० हे मानक सांगतं, की पुढची जाडी-तपासणी उरलेल्या आयुष्याच्या निम्म्या काळात करा, किंवा त्या वर्गाच्या पाइपला ठरवून दिलेल्या कमाल मुदतीत, जे आधी येईल ते. निम्म्याचा नियम आकडा चुकेल हे धरूनच केलेला आहे, आणि मला तो फार शहाणा वाटतो.

आपण संशोधक या चुकीच्या प्रेमात पडतो. तिला सूत्र आहे, ती कमी करता येते, कमी केली की पेपर होतो. रिचमंडचा पाइप या चुकीमुळे फाटला नाही.

रिचमंडमध्ये काय झालं

क्रूड युनिटच्या डिस्टिलेशन कॉलममधून वेगवेगळ्या उंचीवर वेगवेगळं तेल बाजूला काढतात. त्यातल्या चौथ्या साइडकटचा हा पाइप, आत सुमारे ३४० अंश तापमानाचं गॅस ऑइल. १९७६ साली बसवलेला, साध्या कार्बन स्टीलचा. त्या दिवशी दुपारी गळती दिसली. गळतीची जागा आणि कॉलम यांच्या मध्ये बंद करता येईल असा व्हॉल्व्ह नव्हता, म्हणजे गळती थांबवायची तर युनिटच बंद करावं लागणार होतं. युनिट चालू ठेवून गळती कुठून होतेय ते शोधण्यासाठी इन्सुलेशन काढायला सुरुवात झाली. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास पाइप फाटला. तेलाच्या वाफेच्या ढगात १९ कर्मचारी सापडले आणि थोड्याच वेळात ढग पेटला. सगळे वाचले, हे नशीबच म्हणायचं. पुढच्या काही आठवड्यांत आसपासच्या वस्त्यांतल्या सुमारे १५,००० लोकांनी श्वासाच्या आणि इतर त्रासांसाठी वैद्यकीय मदत घेतली.

तपास अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने केला. त्यांचे अहवाल कुणालाही मोफत वाचता येतात आणि पीएचडी करणाऱ्याने पाठ्यपुस्तकासारखे वाचावेत असे असतात. फाटलेला तुकडा ५२ इंच लांबीचा, म्हणजे जेमतेम १.३ मीटर. सरळ तुकडा, बेंड नाही. रासायनिक तपासणीत त्यात सिलिकॉन निघालं सुमारे ०.०१ टक्का.

आता सिलिकॉन इथे कुठून आलं? पोलाद ओतण्यापूर्वी वितळलेल्या धातूत विरघळलेला ऑक्सिजन काढून टाकावा लागतो. त्यासाठी सिलिकॉन किंवा ॲल्युमिनियम घालतात. सिलिकॉन वापरलं तर त्यातलं थोडं पोलादात उरतं. पाइपच्या एएसटीएम ए-५३ या मानकात सिलिकॉनची किमान मर्यादाच नव्हती. ए-१०६ या मानकात ती आहे, ०.१० टक्का. अमेरिकेतले पाइप-उत्पादक १९८०च्या दशकाच्या मध्यापासून एकच पाइप दोन्ही मानकांत बसेल असा बनवू लागले, त्यामुळे नंतरच्या पाइपात हा प्रश्न सहसा येत नाही. त्याआधीच्या ए-५३ पाइपात मात्र सिलिकॉन असेलही, नसेलही. ड्रॉइंगवर दोघांचं नाव एकच: कार्बन स्टील. डोळ्यांना फरक दिसत नाही, कडकपणात कळत नाही, वेल्डिंग करताना जाणवत नाही. गरम गंधकाला तेवढा कळतो. ०.१० टक्क्यापेक्षा कमी सिलिकॉनचं कार्बन स्टील सल्फिडेशनमध्ये जास्त सिलिकॉनवाल्यापेक्षा १६ पटींपर्यंत वेगाने गंजू शकतं.

खरी गंमत पुढे आहे. (गंमत म्हणवत नाही, पण दुसरा शब्द सुचत नाही.) एल्बो, टी अशा जोडभागांसाठी मानक वेगळं आहे, आणि त्यात सिलिकॉनची किमान मर्यादा आहे. म्हणजे त्या मार्गावरचे एल्बो चांगल्या सिलिकॉनचे असणार हे जवळपास ठरलेलं, आणि सरळ तुकडे कसेही. जाडी मोजण्याच्या कायमच्या जागा कुठे होत्या? बहुतेक एल्बो आणि जोडभागांवर. फाटलेल्या ५२ इंची तुकड्यावर अशी एकही जागा नव्हती.

जागा ठरवणाऱ्यांनी आळस केला होता असं म्हणता येणार नाही. प्रवाह वळतो तिथे पाइप जास्त झिजतो, ही पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे आणि अनेक प्रकारच्या झिजेत ती खरीही आहे. 'आधी बेंड बघ' हे प्रत्येक नव्या इन्स्पेक्टरला शिकवतात. इथे त्याच शहाणपणाने सगळे प्रोब नेमके सर्वांत निरोगी तुकड्यांवर नेऊन ठेवले.

थोडा हिशोब करू. ८.१८ मिमीचे ९० टक्के म्हणजे ७.३६ मिमी. १९७६ ते २०१२, ३६ वर्षं. सरासरी वेग ०.२ मिमी प्रतिवर्ष. टोकाचा १६ पटींचा फरक धरला, तर शेजारच्या एल्बोचा वेग येतो ०.०१३ मिमी. पाच वर्षांत ०.०६ मिमी, म्हणजे आपण वर धरलेल्या मोजमापाच्या चुकीपेक्षाही लहान. तो एल्बो मोजणाऱ्याला काय दिसणार? 'फारसं काही होत नाहीये.' आणि एल्बोपुरतं ते शंभर टक्के खरं आहे.

सूचना मिळालीच नव्हती असंही नाही. २००२ साली याच मार्गावरच्या कमी सिलिकॉनच्या एका तुकड्याची जाडी तपासली गेली, त्याची एक तृतीयांश जाडी गेल्याचं दिसलं, आणि हा पाइप २००७च्या शटडाउनमध्ये ५ टक्के क्रोमियमच्या पोलादाने बदलावा अशी शिफारस झाली. ती अमलात आली नाही. २००९ साली सल्फिडेशनवरचं एपीआय ९३९-सी हे मार्गदर्शक प्रसिद्ध झालं, त्यात कमी सिलिकॉनचा धोका स्पष्ट लिहिलेला आहे. २०११च्या शटडाउनमध्ये याच मार्गाचा कॉलमजवळचा बारा इंची भाग बदलला गेला, आठ इंची तसाच राहिला. वाचताना माझ्या मनात सारखं येत होतं, की ज्या बैठकीत तो निर्णय झाला तिथे समोर आलेले आकडे बहुधा एल्बोंचेच असतील. ओळीने ठीकठाक आकडे, आणि त्यांच्याविरुद्ध एक नकोसा आकडा. आपणही त्याला 'आउटलायर' म्हणून बाजूला केलं असतं का?

उलटा पुरावा: फिलाडेल्फिया

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, ठीक आहे, म्हणजे यापुढे सरळ तुकड्यांवर लक्ष ठेवायचं. तसंही नाही.

२१ जून २०१९ रोजी फिलाडेल्फिया एनर्जी सोल्युशन्सच्या रिफायनरीत हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरणाऱ्या अल्किलेशन युनिटमध्ये स्फोट झाले. सुमारे १७ टन वजनाचा पात्राचा एक तुकडा उडून शूलकिल नदीच्या पलीकडे पडला. जीवितहानी झाली नाही, पण ती रिफायनरी पुन्हा सुरू झाली नाही. इथे फुटला तो एल्बो, साधारण १९७३ सालचा. सर्वांत पातळ जागी त्याची जाडी ०.३ मिमी उरली होती, क्रेडिट कार्डच्या निम्मी. शेजारचे तुकडे त्याच आम्लात, त्याच तापमानाला, तितकीच वर्षं राहूनही चांगल्या जाडीचे होते. जाडी मोजण्याच्या जागा शेजारच्या भागांवर होत्या, या एल्बोवर नव्हत्या.

कारण पुन्हा रसायनात. त्या एल्बोच्या पोलादात तांबं आणि निकेल खूप जास्त होतं, आणि हायड्रोफ्लोरिक आम्लात असं पोलाद वेगाने गंजतं. तो बनला तेव्हाच्या मानकात या धातूंवर मर्यादा नव्हती.

रिचमंडमध्ये एल्बो चांगला, सरळ तुकडा खराब. फिलाडेल्फियात सरळ तुकडे चांगले, एल्बो खराब. दोन्हीकडे आकार हा प्रश्न नव्हताच. प्रश्न होता तो तुकडा कुठल्या ओतातून आला. ड्रॉइंगवर पाइप ही एक अखंड रेघ असते. प्रत्यक्षात तो वेगवेगळ्या कारखान्यांत, वेगवेगळ्या दिवशी ओतलेल्या पोलादाच्या डझनावारी तुकड्यांची वेल्डने जोडलेली माळ असते. रिफायनरीत 'कॉरोजन सर्किट' नावाची कल्पना वापरतात: एकाच प्रकारचं द्रव, सारखं तापमान, एकच धातू असलेला पाइपचा भाग एका सर्किटमध्ये घ्यायचा आणि काही जागी मोजून सगळ्या सर्किटबद्दल बोलायचं. कल्पना उपयोगी आहे, तिच्याशिवाय हजारो पाइपांचं व्यवस्थापन अशक्य आहे. पण 'एकच धातू' ही अट कुणी तपासली, हे विचारायला हवं.

माझा 'एन' बारा नव्हता

आता माझी गोष्ट. दुसऱ्या वर्षी मी गंधकाची संयुगं मिसळलेल्या तेलात, ऑटोक्लेव्हमध्ये कार्बन स्टीलची कूपनं ठेवून दोन प्रक्रियांची तुलना करत होते. प्रत्येक अटीला बारा कूपनं. निकाल इतके सुंदर आले की आलेखावर एरर बार दिसेनात. खुशीत गाइड मॅडमकडे गेले. त्यांनी आलेख बघितला आणि एकच प्रश्न विचारला.

"ही कूपनं कुठून कापलीस?"

"आपल्या स्टोअरमधल्या प्लेटमधून."

"सगळी?"

"हो, एकाच प्लेटमधून. मुद्दाम. फरक नको म्हणून."

"मग तुझा एन बारा नाही. एक आहे."

मला ते कळायला दोन दिवस लागले. बारा कूपनांमुळे मला एवढंच कळलं होतं, की *त्या प्लेटचा* वेग मी किती अचूक मोजलाय. माझ्या मसुद्यात मात्र वाक्य होतं, 'कार्बन स्टीलमध्ये पहिली प्रक्रिया अधिक प्रभावी आहे.' कार्बन स्टीलबद्दल बोलायला माझ्याकडे एकच नमुना होता. मी एल्बो मोजत होते.

हे आकड्यांत मांडलं की स्वच्छ दिसतं. समजा एका लांब मार्गावर दर २० तुकड्यांत एक कमी सिलिकॉनचा आहे. तुम्ही चिठ्ठ्या टाकून १० तुकडे निवडले. एकही वाईट तुकडा हाती न लागण्याची शक्यता ०.९५चा दहावा घात, म्हणजे जवळपास ६० टक्के. आता तेच १० तुकडे तुम्ही तीस वर्षं, दर पाच वर्षांनी मोजत राहिलात. शक्यता किती झाली? साठच. एका टक्क्यानेही कमी झाली नाही. फाइल जाड झाली, आलेख सुबक झाले, आत्मविश्वास वाढला, आणि वाईट तुकडा तिथेच आहे. तो सापडण्याची शक्यता ९५ टक्के हवी असेल तर ५९ वेगवेगळे तुकडे निवडावे लागतात. आणि चिठ्ठ्या न टाकता फक्त एल्बो निवडलेत, जे सगळेच चांगले आहेत, तर हजार मोजमापांनीही शक्यता शून्य.

त्याच जागी पुन्हा मोजल्याने यंत्राची चूक कमी होते. वेगळ्या जागी मोजल्याने जागांमधला फरक कळतो. पहिल्यातून दुसरं मिळत नाही, कितीही वेळा केलं तरी.

म्हणूनच अशा जुन्या पाइपांसाठी शेवरॉनच्या तज्ज्ञांनीही २००९ साली अंतर्गत शिफारस केली होती ती प्रत्येक तुकड्याची तपासणी करण्याची, नमुन्याची नव्हे. करायला ती किचकट आहे. वेल्ड कुठे आहेत हे बघायलाच इन्सुलेशन काढावं लागतं. रचना तपासायला हातात धरायची एक्स-रे यंत्रं असतात, पण क्रोमियम-निकेल ओळखण्यात ती तरबेज आणि सिलिकॉनसारख्या हलक्या मूलद्रव्यात कच्ची. त्याला पृष्ठभाग घासून लख्ख करावा लागतो, किंवा कीस काढून प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. त्यामुळे बऱ्याचदा सरळ प्रत्येक तुकड्याची जाडी एकदा मोजणं स्वस्त पडतं: जो शेजाऱ्यांपेक्षा पातळ, तो संशयित. आणि तापमान, गंधक दोन्ही जास्त असेल तर मोजत बसण्यापेक्षा पाइपच बदलणं बरं. रिचमंडमध्ये आगीनंतर तिथे ९ टक्के क्रोमियमचा पाइप बसवला.

सध्या कायमस्वरूपी बसवलेल्या अल्ट्रासोनिक सेन्सरचा बोलबाला आहे, आणि यंत्र म्हणून ते उत्तमच आहेत. गरम पाइपवर बसतात, बिनतारी माहिती पाठवतात, रोजच्या रोज जाडी देतात. वर्षभराच्या आकड्यांतून ०.०१ मिमीचा बदलही ओळखता येतो. पण मला विचाराल तर त्यांच्यामुळे जुना मोह वाढलाय. एका जागेची इतकी देखणी मालिका समोर असली की ती शेजारच्या तुकड्याबद्दल अवाक्षर बोलत नाही, हे विसरायला होतं. सेन्सर किती अचूक, यावर भरपूर वाचायला मिळतं. दहा सेन्सर दोनशे तुकड्यांत कुठे लावायचे, आधीची अर्धवट नोंद कशी वापरायची, न मोजलेल्या जागांबद्दल किती खात्रीने बोलायचं, हे काम मला जास्त निकडीचं वाटतं. सांख्यिकी आवडणाऱ्या आणि हात काळे करायची तयारी असलेल्या कुणासाठी इथे जागा आहे.

गंजाचा कुठलाही पेपर हाती आला की मी आता आलेखाआधी 'साहित्य' हा भाग वाचते. पोलादाची पूर्ण रचना दिलीय का, सिलिकॉनसकट? किती वेगवेगळ्या ओतांचे नमुने? 'कार्बन स्टीलची कूपनं वापरली' एवढंच लिहिलं असेल, तर पुढचे सगळे एरर बार एका प्लेटचे आहेत असं समजून वाचते.

माझा प्रयोग पुन्हा करावा लागला. भंगारवाल्याकडून मिळवलेला एक जुना पाइप, दोन वेगवेगळ्या पुरवठादारांच्या प्लेट आणि स्टोअरमधली ती जुनी प्लेट, असे चार स्रोत. प्रत्येकाची आधी रचना तपासली, मग प्रत्येकी तीन कूपनं. एकूण बाराच. आठ महिने गेले. एरर बार आता लांबूनही दिसतात, आणि माझ्या त्या दोन प्रक्रियांमधला फरक त्यांच्यात पार बुडून गेलाय. चार स्रोतांमधला फरक मात्र ठळक आहे. प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाचं नाव त्यामुळे बदलावं लागलं, आणि स्टोअरमधल्या त्या प्लेटवर मी खडूने भला मोठा '१' लिहून ठेवलाय.